सप्लायरला आधी अंदाज द्या, ऑर्डर नंतर: दुकानाची खरेदी दोघांनी मिळून कशी प्लॅन करायची

बऱ्याच दुकानांत खरेदी अजूनही अशीच चालते. रॅक रिकामा दिसला की फोन उचलायचा, "अण्णा, दोनशे टॉवेल पाठवा, उद्याच पाहिजेत", तिकडून "बघतो की शेठ" आलं की झालं आपलं परचेस प्लॅनिंग. मग उद्याचे चार दिवस होतात, दोनशेचे एकशे चाळीस येतात, त्यातले निम्मे न खपणाऱ्या रंगाचे, आणि आपण सप्लायरच्या नावानं खडे फोडत बसतो. तो तिकडे आपल्या नावानं फोडत असतो ते वेगळंच.

मी सोलापुरात एका मध्यम साईझच्या स्टोअरची खरेदी बघतो, किराणा, चादर-टॉवेल-बेडशीट, थोडं प्लास्टिक आणि भांडी, त्यामुळे उदाहरणं इथलीच येतील. पण बार्शीत किराणा असो की पंढरपुरात प्रसादाचं दुकान असो, हिशोब सारखाच आहे. सप्लायरला प्लॅनिंगमध्ये घेतलं की खरेदीत काय सुधारतं, काय सुधारत नाही आणि ते करायचं कसं, तेवढंच सांगतो.

मुळात माल लेट का येतो

समजा गिऱ्हाईक आठवड्याला शंभर टॉवेल नेतं. एका आठवड्यात मुहूर्त दाट होते, आहेराला टॉवेल-टोपी लागली, एकशे दहा गेले. दुकानदार म्हणतो चला डिमांड वाढली, संपायला नको, एकशे तीस सांगू. होलसेलरकडे चार दुकानांतून असेच फुगलेले आकडे येतात, तो त्यावर अजून थोडं चढवून कारखान्याला सांगतो, कारखानदार त्या हिशोबानं सूत उचलतो. पुढच्या आठवड्यात मुहूर्त नाही, दुकानदार म्हणतो माल आहे की अजून, या खेपेला नको. झालं, गिऱ्हाईक हललं दहा टॉवेलनी आणि तिकडे रंगवलेल्या सुताचे ढीग पडून. मग कारखानदार हात आखडता घेतो, आणि पुढच्या सीझनला आपल्याला खरंच माल लागतो तेव्हा तो नसतो.

याला मॅनेजमेंटवाले बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या लोकांना पॅम्पर्स डायपरमध्ये हेच दिसलं होतं, दुकानातली विक्री जवळपास सरळ रेषेत, कारण बाळं काही सीझन बघून डायपर ओले करत नाहीत, पण डिस्ट्रीब्युटरच्या ऑर्डरी वरखाली आणि कंपनीनं कच्च्या मालाला दिलेल्या ऑर्डरी त्याहून वरखाली. हाऊ ली या प्राध्यापकांनी दोन सहकाऱ्यांसोबत १९९७ मध्ये याची चार कारणं मांडली: प्रत्येकानं आपापला अंदाज बांधणं, ऑर्डरी साठवून एकदम देणं, स्कीममुळे दर हलत राहणं, आणि टंचाईत मुद्दाम जास्त मागून ठेवणं. नवी पेठेत कुठल्याही दुकानात अर्धा तास बसा, चारही कारणं तुमच्यासमोर होतील, चौथं तर नक्कीच, "शंभर सांगा, साठ येतील" हे आपल्याकडे लहान पोराला पण माहितीय.

यावर मोठ्या कंपन्यांनी जो उपाय केला त्याला सीपीएफआर म्हणतात, म्हणजे अंदाज, प्लॅनिंग आणि माल भरणं दोघांनी मिळून करायचं. १९९०च्या दशकाच्या मध्याला वॉलमार्ट आणि वॉर्नर-लॅम्बर्ट या कंपनीनं लिस्टरीन या माऊथवॉशवर हे करून बघितलं, १९९८ मध्ये व्हीआयसीएस या अमेरिकेतल्या संघटनेनं त्याच्या गाईडलाईन्स काढल्या. तो सगळा पसारा आपल्याला झेपणारा नाही आणि गरजही नाही. त्यातली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे: दोघांनी आपापला अंदाज वेगळा लिहायचा, शेजारी शेजारी ठेवायचा, आणि जिथे फरक मोठा आहे त्याच आयटमवर बोलायचं. बाकीच्यांवर वेळ घालवायचाच नाही.

कुणाला घेऊन बसायचं

सगळ्यांना घेऊन बसाल तर दुकान कोण बघणार. मागच्या वर्षाची सप्लायरवाईज खरेदी काढा, टॅलीत दोन मिनिटांत निघते, आणि तीन प्रश्न विचारा. याच्याकडून वर्षाला पैसा मोठा जातो का? याचा माल संपला तर गिऱ्हाईक दुसरं काही न घेता परत जातं का? आणि याला माल तयार करायला वेळ लागतो का? तिन्हीला हो आलं तो पहिला. बहुतेक दुकानांत असे चार-पाचच निघतात.

तिसरा प्रश्न लोक विसरतात. काड्यापेटीच्या डिस्ट्रीब्युटरसोबत तीन महिन्यांचं प्लॅनिंग करून मिळणार काय, त्याच्या गोडाऊनला माल पडलेलाच असतो, फोन केला की संध्याकाळी येतो. पण टॉवेल-चादरीचा कारखाना, शाळेच्या युनिफॉर्मवाला, दिवाळीचा फराळ किंवा शेंगा चटणी करून देणारे बचत गट, यांना आधी सांगितलं नाही तर ते जादू करून आणणार नाहीत. आपल्याकडे निम्मे सप्लायर अक्कलकोट रोडच्या नाहीतर चिंचोळीच्या एमआयडीसीत, गाडीवर अर्ध्या तासाच्या अंतरावर बसलेत, मुंबई-पुण्याच्या दुकानदाराला हे नशीब नाही. तरी आपण फोनवरच भांडतो.

बसायच्या आधी आपलं घर आवरा

त्याच्यासमोर जाताना आपल्याकडे आयटमवाईज विक्री पाहिजे. विक्री म्हणतोय, खरेदी नाही. "मागच्या वर्षी तुमच्याकडून बाराशे घेतले" हा आकडा त्याच्याकडे आहेच, त्यातून त्याला नवीन काही कळत नाही, गिऱ्हाईकानं दर आठवड्याला किती नेले ते फक्त तुम्हाला माहितीय. आणि ज्या आठवड्यात माल संपलेला होता तो आठवडा वेगळ्या रंगानं दाखवा, नाहीतर त्या आठवड्याची विक्री कमी दिसते आणि पुढच्या वर्षी त्याच आकड्यावर परत कमी मागवता, हे वर्षानुवर्षं चालतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

आता सगळ्यात जास्त गडबड होते ती इथे: मागच्या वर्षीच्या ऑगस्टशी या वर्षीचा ऑगस्ट लावायचा नाही. सॉफ्टवेअर तेच करून देतं, आणि आपले सण तिथीनं चालतात. २०२५ ला गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ ला १४ सप्टेंबरला. म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये मोदकाचं पीठ, गूळ, खोबरं, सजावट यांची जी उसळी दिसते ती २०२६ च्या ऑगस्टला शोधत बसलात तर माल पंधरा-अठरा दिवस आधी येऊन पडणार, पैसे अडकणार, आणि जागाही. लक्ष्मीपूजनाचं तेच, २०२५ ला २१ ऑक्टोबर, २०२६ ला ८ नोव्हेंबर.

त्यात २०२६ ला ज्येष्ठ अधिक आलाय, १७ मे ते १५ जून. या महिन्यात लग्नाचे मुहूर्त नाहीत, म्हणजे मे महिन्याच्या उत्तरार्धात आहेराची जी विक्री दरवर्षी धरून चालतो ती तिथे नसणार, थोडी अलीकडे सरकणार, थोडी पलीकडे. उलट धोंड्याचा महिना म्हणून जावयाला बोलावणं, वाण, कपडे, अनारसे, त्यामुळे चांगल्यातला टॉवेल सेट, तांदळाचं पीठ, खसखस असले आयटम चढणार. साधा रोजचा टॉवेल आणि गिफ्टचा डबा यांचा अंदाज म्हणूनच वेगळा लिहायचा. मी मागच्या वर्षाचा डेटा सरळ सणापासून मागे-पुढे किती आठवडे असा मांडतो, "गणपतीच्या आधी तिसरा आठवडा", "आधी दुसरा", असं, मग कुठलंही वर्ष कुठल्याही वर्षाशी लावता येतं. संक्रांत तेवढी इंग्रजी तारखेला धरून चालते, त्यामुळे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा आणि तिथल्या गड्ड्याच्या जत्रेचा जानेवारी मात्र खुशाल तारखेनं लावा.

कॅलेंडरवर अजून एक गोष्ट लिहा जी विक्रीची नाही, गाड्यांची आहे. यात्रेत नंदीध्वजाच्या मिरवणुकीला शहरातले रस्ते बंद असतात, आषाढीला पंढरपूरकडचे रस्ते पालख्यांनी भरतात, ट्रॅफिक वळवलेलं असतं. उपवासाचा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो, तो ट्रक एकादशीच्या आदल्या दिवशी पोचून काय उपयोग. माल कधी लागणार आणि गाडी कधी आत येऊ शकते हे दोन्ही एका कागदावर असलं पाहिजे.

बैठक त्याच्याकडे घ्या

पहिली बैठक त्याच्या कारखान्यात किंवा गोडाऊनला घ्या, आपल्या काउंटरवर नको. काउंटरवर आलेला माणूस विकायला आलेला असतो, तो सगळ्याला हो म्हणतो.

एका टॉवेलवाल्याकडे बसलो होतो, मी विचारलं की अण्णा तुम्ही पंधरा दिवस म्हणता आणि कधी आठ दिवसांत देता कधी महिना लावता, असं का. त्यांनी काही न बोलता लूमपाशी नेलं. टेरी टॉवेलला दोन बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, लागतात, एक खालच्या जमिनीचा, एक वरच्या लूपचा. लूमवर त्या वेळी मरून रंग चढलेला. "हे बीम संपल्याशिवाय तुमचा निळा कुठनं घेऊ सांगा की. आणि निळ्याचं सूत आधी डायिंगला जायला पाहिजे, तिथं माझा एकट्याचा लॉट कुणी लावत नाही, थांबाय लागतं. तुम्ही फोन करताय तवा मरून चालू असला तर मरून आठ दिवसांत, निळा म्हटला की महिना." म्हणजे आमचा लीड टाईम, ऑर्डर दिल्यापासून माल यायला लागणारा वेळ, टॉवेलचा नव्हताच, रंगाचा होता, आणि आम्ही ऑर्डर देताना रंग सगळ्यात शेवटी "मिक्स पाठवा" म्हणून सांगत होतो. तेव्हापासून रंग आधी सांगतो, नग नंतर. चार रंग कमी केले ते वेगळंच, कुणी विचारलंही नाही.

असलं काही फोनवर कळत नाही. म्हणून तिथे गेल्यावर विचारायचे प्रश्न साधारण असे: ऑर्डर मिळाल्यापासून माल निघेपर्यंत कुठली कामं होतात आणि कुठे रांग असते, कच्चा माल रोखीनं घेता की उधारीवर आणि किती आधी सांगावं लागतं, कमीत कमी किती नग केले तर परवडतं, कामगार कधी सुट्टीवर असतात. शेवटचा प्रश्न सोलापुरात महत्त्वाचा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो, पद्मशाली समाजाचा मोठा दिवस, त्या दिवशी माल निघेल असं धरूच नका. दिवाळीनंतर कामगार परत यायला किती दिवस लागतात ते त्यालाच विचारा, आणि तो सांगेल त्यात चार दिवस मिळवा.

आपण काय दाखवायचं आणि काय नाही, हेही ठरवून जा. त्याच्या आयटमची आठवड्याची विक्री, आजचा स्टॉक, पुढच्या स्कीम, एवढं खुशाल दाखवा. आपलं मार्जिन आणि दुसऱ्या कारखान्याचे दर दाखवायचे नाहीत, तो समोरच्या दुकानालाही माल देतोच की.

आकडा तीन भागांत द्यायचा

पुढच्या बारा आठवड्यांचा अंदाज द्या, पण सगळा सारख्या वजनाचा नको. पहिले तीन आठवडे पक्के. समजा आठवड्याला शंभर, तर तीनशे, त्यात रंगासकट काही बदलायचं नाही, दुकानात काहीही होऊ दे. पुढचे तीन आठवडे अर्धे पक्के, तीनशे सांगितले तर वीस टक्के खालीवर, म्हणजे दोनशे चाळीस ते तीनशे साठ. त्यापुढचे सहा आठवडे फक्त इशारा, त्यावर त्यानं सूत किती बघून ठेवायचं ते त्याचं तो ठरवेल. हे तीन, तीन, सहा असे आकडे माझ्या टॉवेलचे झाले, तुमच्या मालाला त्याच्या लीड टाईमप्रमाणे बदला. पक्का भाग कमीत कमी त्याच्या लीड टाईमएवढा पाहिजे, त्यापेक्षा छोटा ठेवलात तर तो नावालाच पक्का.

दर आठवड्याला हा तक्ता एक घर पुढे सरकतो, सोमवारी नवीन बारावा आठवडा जोडायचा आणि व्हॉट्सअपवर पाठवायचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण सोमवार चुकवायचा नाही, दोन सोमवार गेले की तो परत फोनची वाट बघायला लागतो.

आता खरी भानगड: दोनशे चाळीसच्या खाली गेलो तर? रंगवलेलं सूत कुणाच्या माथी? हे पहिल्याच दिवशी बोला, तोंडावर बोला, लिहून ठेवा. आमचं असं ठरलंय की खालच्या आकड्यापर्यंतचा माल आम्ही उचलणारच, फार तर पुढच्या सीझनपर्यंत टप्प्यानं, आणि वरच्या आकड्यापर्यंतचा माल तो देणारच. दोघांच्याही डोक्यावर काहीतरी ठेवलं तरच अंदाज खरा येतो. आपल्यावर काहीच नसेल तर आपण सवयीनं फुगवून सांगतो आणि तो सवयीनं अर्धा धरतो, मग तक्ता कितीही सुंदर असो.

एक्सेल येत नसेल तर वही चालते. रकाने एवढेच: आठवडा, आयटम-रंग, आपला अंदाज, त्याचा अंदाज, ठरलेला आकडा, आलेला माल, आल्याची तारीख, झालेली विक्री. आपला आणि त्याचा अंदाज पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर आपलाच घेऊन पुढे जा. जास्त फरक असेल तिथे थांबा आणि विचारा, कारण बऱ्याचदा त्याला काहीतरी माहिती असतं. विजयपूर-कलबुर्गीकडचे व्यापारी जास्त माल उचलायला लागले, सुताचा दर हलायला लागला, असल्या बातम्या त्याच्याकडे आपल्याआधी येतात.

पैशाशिवाय हे सगळं कागदावर

स्पष्ट सांगतो, पेमेंट वेळेवर नसेल तर वरचं काही करू नका, वेळ वाया जाईल. अंदाज देऊन आपण त्याला सांगतो की सूत आधी घे, म्हणजे त्याचे पैसे आधी अडकव. त्यानंतर आपण बिल तीन-तीन महिने लोंबकळत ठेवलं तर पुढच्या वेळी तो आपला तक्ता बघणारच नाही, ज्याचा चेक वेळेवर पास होतो त्याचा माल आधी निघेल, आणि त्यात त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही.

कायदाही आता त्याच्या बाजूनं आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण ४५ दिवसांच्या वर नाही, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. असेसमेंट इयर २०२४-२५ पासून आयकरातही हे जोडलं गेलं, मुदत उलटून वर्षअखेरीला थकलेली रक्कम त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, पैसे द्याल त्या वर्षी धरायची. हे माल बनवणाऱ्यांना लागू आहे, नुसत्या ट्रेडरच्या बिलांना नाही, तेव्हा सप्लायरचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, मागून घ्या आणि कोण कशात बसतो ते सीएकडून एकदा बघून घ्या. करार नाही म्हणजे १५ दिवस हे बऱ्याच दुकानदारांच्या गावीही नसतं, साधा एक पानाचा करार केला तरी ४५ मिळतात.

त्यानं जीएसटीचं रिटर्न वेळेत भरलं की नाही हेही याच बैठकीत घ्या. बिल जीएसटी पोर्टलवरच्या आपल्या टू-बी स्टेटमेंटमध्ये दिसलं नाही तर आपण भरलेल्या कराचं क्रेडिट अडकतं, आणि मग पेमेंट अडकतं, आणि मग माल.

एफएमसीजीच्या डिस्ट्रीब्युटरचं गणित वेगळं

साबण-बिस्किटवाल्यांकडे माल असतोच, तिथे त्रास आहे क्लोजिंगचा. महिन्याची २५ तारीख उलटली की सेल्समन दारात, "सर टार्गेटला थोडं कमी पडायलंय, दहा पेट्या घ्या, स्कीम देतो." आपण घेतो, पुढच्या महिन्याचे पहिले पंधरा दिवस काही घेत नाही, परत २५ तारीख. हे तिसरं कारण झालं, दर हलत राहण्याचं, आणि यात स्कीमचा फायदा किती आणि दोन पेट्या एक्सपायरीला गेल्यावर उरतो किती हे फारसं कुणी मोजत नाही. डिस्ट्रीब्युटरच्या मालकाशी बोला, सेल्समनशी बोलून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं. मागायचं एवढंच की महिन्याची एकूण पेटी आम्ही आधी सांगतो, स्कीम त्या एकूण आकड्यावर द्या, आणि माल चार आठवड्यांत विभागून पाठवा. सगळे मानत नाहीत. जे मानतात त्यांच्याकडे एक्सपायरीचा आणि डॅमेजचा क्लेम किती दिवसांत मिटणार तेही त्याच वेळी ठरवा, क्रेडिट नोटच्या मागे फिरण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दुसरं दुकान उघडून होईल.

आणि मध्येच काही मोठं झालं तर? ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवीन दर जाहीर झाले आणि २२ पासून लागू, त्याच दिवशी घटस्थापना. टूथपेस्ट, शाम्पू, केसाचं तेल, साबणाची वडी हे १८ वरून ५ टक्क्यांवर. मधल्या दिवसांत कुठलं दुकान जुन्या दरानं माल भरणार, आणि नवरात्र-दिवाळीसाठी तर माल पाहिजेच. अशा वेळी पक्का आकडा धरून बसणं हा हट्ट झाला. म्हणून करारात एक ओळ घाला: कर बदलला, दर अमुक टक्क्यांच्या वर हलला, संप-बंद झाला, तर पक्का भाग थांबतो आणि दोघं दोन दिवसांच्या आत परत बसतात.

सुधारलं की नाही कसं बघायचं

चार आकडे पुरतात. पहिला फिल रेट, मागितलेल्यातलं आलं किती, दोनशेत एकशे साठ म्हणजे ८० टक्के. दुसरा वेळेवर आणि पूर्ण, दहा आयटम मागितले, आठ पूर्ण आले, त्यातले सहाच ठरल्या दिवशी, तर ६० टक्के. हा दुसरा आकडा पहिल्यांदा काढलात की धक्का बसेल, घाबरू नका, जवळपास सगळ्यांना बसतो. तिसरा आपल्या अंदाजाची चूक, चारशे सांगितले, तीनशे वीस विकले, फरक ऐंशी, म्हणजे विक्रीच्या २५ टक्के. चौथा आपलं पेमेंट ठरल्या तारखेपेक्षा किती दिवस उशिरा.

पहिले दोन त्याचे, नंतरचे दोन आपले, आणि चारही एकाच कागदावर पाहिजेत. फक्त त्याचे दोन घेऊन गेलात तर बैठकीचं पोलीस स्टेशन होतं, तो गप्प बसतो, चहा पाजतो आणि आपल्याला हवी ती माहिती देत नाही.

सुधारणा कुठल्या क्रमानं येते तेही सांगतो, कारण लोक दर कमी होण्याची वाट बघतात आणि तो दिसला नाही की सोडून देतात. सगळ्यात आधी अर्जंट फोन कमी होतात. मग माल पूर्ण यायला लागतो. त्यानंतर तारखा सुधारतात. दरात काही मिळायचं तर ते शेवटी, त्याला सूत एकदम आणि वेळेत घेता यायला लागलं की, आणि तेही मागावं लागतं.

स्टॉक मात्र आपोआप कमी होत नाही, इथे बरेच जण फसतात. माल कधी बारा दिवसांत, कधी तिसाव्या दिवशी येत होता म्हणून तुम्ही तीस दिवसांचा स्टॉक धरून बसलेले असता. आता तो सतरा ते वीस दिवसांत यायला लागला, तर वीस दिवसांचा पुरे. पण रीऑर्डर लेव्हल, म्हणजे किती उरले की नवीन मागवायचे तो आकडा, सॉफ्टवेअरमध्ये कुणी बदलली का? नाही बदलली तर जुना साठा तसाच. दिवसाला चौदा टॉवेल जातात, दहा दिवसांचे एकशे चाळीस, खरेदी दर दीडशे धरला तर एका आयटमवर एकवीस हजार. असे तीस-चाळीस आयटम असतील तर बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट लिमिट कशाला दाबतेय ते कळेल. लेव्हल हळूहळू उतरवा, आठवड्याला दोन-तीन दिवसांनी, सण जवळ असेल तर अजिबात हात लावू नका.

कुठे करू नये

कांदा, लसूण, भाजी, यात बारा आठवड्यांचा अंदाज म्हणजे करमणूक. मार्केट यार्डात दर सकाळी ठरतो, तिथे रोज जाणारा माणूस पाहिजे. तूरडाळ-हरभराडाळ मधली केस आहे, लातूर-बार्शीच्या मिलवाल्याशी किती घ्यायचं ते ठरवा, दर ठरवू नका, दर त्या आठवड्याचा. नाहीतर दर चढला की तो पळतो आणि उतरला की आपण.

आणि एकाच सप्लायरवर सगळं टाकू नका. जमलंय म्हणून शंभर टक्के त्याच्याकडे दिलं की एका डायिंगच्या बिघाडात तुमची लग्नसराई गेली. मी मोठ्या आयटममध्ये दुसरा सप्लायर ठेवतो, वीस-पंचवीस टक्क्यांचा, आणि पहिल्याला ते माहिती असतं, लपवत नाही. दुसऱ्यालाही तक्ता जातो, त्याच्या वाट्याच्या आकड्यांचा. नुसता अडीअडचणीला फोन करायचा म्हणून ठेवलेला दुसरा सप्लायर अडचणीच्या दिवशी फोन उचलत नाही.

पहिल्यांदा करताय तर एक सप्लायर, पाच आयटम, आणि सुरुवात सीझनच्या तोंडावर नको. गणपतीचा माल ठरवायला गणपतीच्या आधी महिनाभर बसलात तर त्याचे बीम आधीच चढलेले असतात. आषाढीच्या आधीच, जूनअखेरीला बसा, तेव्हा दुकानं आणि कारखाने दोन्ही थोडे निवांत असतात आणि माणूस बोलायच्या मूडमध्ये असतो. उठताना ठरलेले आकडे तिथेच व्हॉट्सअपवर टाका आणि त्याच्याकडून "ओके" घ्या.